केए २२, मुक्काम अकोटा

आपल्या बेळगावच्या बाजूने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ तसाच धरून उत्तरेकडे निघाले, की कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत करत तो बडोद्याला पोहोचतो. पूर्वी या रस्त्याला दोन नंबर होते, आपल्याकडे चार आणि मुंबईपुढे आठ. आमच्या घरी अजूनही 'एनएच फोर'च म्हणतात. अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. एका दमात होत नाही, वाटेत एक मुक्काम करावाच लागतो.

माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. तिच्या नातवाची मुंज फेब्रुवारी २०२५ मध्ये होती, म्हणून आम्ही तिघे गाडी घेऊन निघालो. मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या गोकाककडच्या. घरात त्यांच्याशी आम्ही कन्नडच बोलतो आणि त्यांना 'अत्ते' म्हणतो. कन्नडमध्ये सासूही अत्ते आणि वडिलांची बहीणही अत्ते. त्यामुळे अत्तेंना घेऊन आत्याकडे, असा आमचा प्रवास होता, आणि नऊशे किलोमीटर हा विनोद आम्हाला पुरला.

आत्याचे घर अकोट्यात. अकोल्याजवळचे अकोट वेगळे, हा बडोदे शहराचा भाग, विश्वामित्री नदीच्या पश्चिमेला. आज तिथे स्टेडियम आहे, सर सयाजीराव नगरगृह आहे, अपार्टमेंटच्या रांगा आहेत. पण गाव फार जुने. अंकोट्टक हे त्याचे प्राचीन नाव. इथे १९५१ मध्ये खणताना जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. साधारण पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या या मूर्तींवर उमाकांत शहा यांनी १९५९ मध्ये पुस्तक लिहिले. सयाजीबागेतल्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. काही मूर्तींवर त्या कोणी अर्पण केल्या याचा लेख कोरलेला आहे. आपल्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती पाहिलेल्या अत्तेंना त्या काचेच्या कपाटापुढून हलवणे कठीण झाले होते.

बडोद्याचे मराठीपण वेगळे सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जातो, तिसरे सयाजीराव होतो आणि १९३९ पर्यंत राज्य करतो, त्या शहराची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे दांडिया बाजारात मराठी घरे अजून पुष्कळ. आत्याच्या घरात तीन भाषा चालतात. आत्या मराठीत बोलते, वहिनी माहेरची गुजराती म्हणून मुलांशी गुजरातीत, आणि भाऊ फोनवर हिंदीत. आमच्या घरी गुजरातीच्या जागी कन्नड ठेवा, म्हणजे आमचे घर झाले. त्यामुळे अत्तेंना तिथे परके वाटले नाही. सकाळी नाश्त्याला सेव-उसळ आली तेव्हा "ही मिसळच की" असे त्यांनी जाहीर केले. वहिनीने वाद घातला नाही.

आता गाडीकडे वळते. आमची गाडी साधी, छोटी, अठ्ठावन्न हजार किलोमीटर झालेली. ती माझ्या नावावर आहे आणि बहुतेक वेळा मीच चालवते. भरूचला नर्मदा ओलांडली आणि पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. हा आवाज मला माहीत होता. ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते, मालकाला कळावे म्हणूनच ती ठेवलेली असते. मुंजीच्या आदल्या दिवशी मी, हे, वहिनी आणि अत्ते असे चौघे गाडी घेऊन घराजवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. नाव सांगत नाही. बोर्ड बदलला तर असे वर्कशॉप बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत कुठेही निघेल.

आत एसी, कॉफीचे यंत्र, गणवेशातला हसतमुख तरुण, हातात टॅब. त्याने आधी नंबरप्लेट पाहिली. जीजे ०६ च्या रांगेत आमची केए २२. "साहेब, कर्नाटकवरून? परत कधी?" प्रश्न यांना. हे म्हणाले, "गाडी हिची आहे, हिला विचारा." तो माझ्याकडे वळला, पण पुढचा प्रश्न पुन्हा यांनाच. परत कधी जाणार हे त्याने दोनदा विचारले, आणि "परवा" ऐकल्यावर टॅबवर त्याची बोटे भराभर चालू लागली.

दहा मिनिटांत अंदाजपत्रक आले, एकवीस हजार आठशे पन्नास रुपये, वर जीएसटी वेगळा. पुढचे पॅड, ते ठीक. पण पॅडबरोबर दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल, कॅलिपर सर्व्हिस, इंजिन फ्लश, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसीचे जंतुनाशक काम, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, टायरमध्ये नायट्रोजन, आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग. कारण विचारले तर म्हणाला, "मॅडम, इथे पूर आला होता ना. पाण्यातली गाडी आहे, रिस्क नको."

पूर आला ऑगस्टात. आमची गाडी तेव्हा बेळगावात टिळकवाडीतल्या गच्चीखाली उभी होती. मी तसे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "तरी पण, मॅडम, रस्त्यावर मॉइश्चर असतेच."

इतका वेळ गप्प असलेल्या अत्तेंनी त्या लांबलचक यादीकडे बोट दाखवून आमच्याकडच्या कन्नडमध्ये विचारले, "इदेल्ला याक बेकरी?" म्हणजे, हे सगळे कशाला हवे? तरुणाला शेवटचा शब्द तेवढा कळला. तो अदबीने म्हणाला, "बेकरी सामने है माँजी, रोड के उस पार." वहिनीला हसू आवरेना. अत्तेंना अर्थ सांगितल्यावर त्याही हसल्या, पण उत्तर मिळाले नाही हे त्या विसरल्या नाहीत. बाहेर येईपर्यंत तोच प्रश्न चालू होता.

मी दोन गोष्टी मागितल्या. अंदाजपत्रक कागदावर छापून, आणि चाक काढून पॅड व डिस्क डोळ्यांनी बघायला. कागद मिळाला. चाकाच्या बाबतीत "ग्राहकांना आत प्रवेश नाही, सुरक्षिततेचा नियम आहे" असे उत्तर आले. मग बाहेर आणून दाखवा म्हटले, तर "काम मंजूर केल्याशिवाय खोलता येत नाही." तपासणीचे साडेतीनशे रुपये भरून, पावती घेऊन आम्ही निघालो.

त्या मुलाचा मला राग आला नाही, हेही सांगायला हवे. वहिनीच्या शेजारचा मुलगा अशाच एका ठिकाणी सल्लागार म्हणून नोकरीला होता. त्याच्याकडून तिला कळले होते, की या धंद्यात त्या जादा कामांना 'व्हॅस' म्हणतात, व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस. महिन्याला अमुक इतके व्हॅस विकले पाहिजे असा आकडा डोक्यावर असतो, इन्सेंटिव्ह त्यावर, आणि महिनाअखेरीला साहेबांची बोलणीही त्यावरच. गाडी नीट चालते आहे का, याचा आकडा कोणी विचारत नाही. पोटासाठी नोकरी करणाऱ्या मुलाने काय करायचे?

अमेरिकेत हे फार पूर्वी उघडे पडले होते. 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने १९४१ मध्ये एक गंमत केली. चांगल्या गाडीच्या कॉइलची एक तार मुद्दाम सैल करायची आणि गॅरेजमध्ये जायचे. देशभर ३४७ गॅरेजे पालथी घातली. १२९ ठिकाणी तार लगेच दिसली आणि फुकट किंवा किरकोळ पैशांत जोडून मिळाली. उरलेल्या २१८ ठिकाणी नको ती कामे, जादा पैसे नाही तर थापा. पुढे १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने ओळख लपवून गाड्या पाठवल्या आणि सीअर्स या बड्या कंपनीची वाहनदुरुस्ती केंद्रे गरज नसलेली कामे विकतात असा आरोप ठेवला. मुळाशी होते सल्लागारांचे कमिशन आणि कोटा. गवगवा झाल्यावर कंपनीने ती कमिशनची पद्धत बंद केली. म्हणजे त्या टॅबवरची यादी बडोद्यातल्या मुलाने शोधून काढलेली नाही.

आपल्याकडचेही एक प्रकरण आहे, आणि ते माहीत असले तर फायदा होतो. शमशेर कटारिया या ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या मेस्त्रींना मिळू न देणे, हा ठपका होता. दंडावर पुढे अपिले झाली, तो कोर्टाचा विषय. पण त्या आदेशात आपल्या कामाचा एक मुद्दा होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या माणसाने काम बिघडवले तर गोष्ट निराळी. "दुसरीकडे गेलात तर वॉरंटी जाईल" हे वाक्य मात्र अजून प्रत्येक काउंटरवर ऐकू येते.

वर्कशॉपमधून निघून आम्ही दांडिया बाजारकडे वळलो. वाटेत विश्वामित्रीवरचा पूल लागतो. त्यावर सौरपत्र्यांचे छप्पर आहे, उन्हात सावलीतून नदी ओलांडता येते. खाली पाणी थोडे, काठाला झाडी, आणि त्यात मगरी. शहराच्या मधोमध मगरी असलेली ही नदी. अत्ते खिडकीतून मगर शोधत होत्या आणि वहिनी पुराचे सांगू लागली.

२०२४ च्या ऑगस्टअखेर मोठा पाऊस झाला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. अकोटा स्टेडियमजवळ घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तेव्हा देशभर फिरला, तुम्हीही पाहिला असेल. वहिनीची गाडी अपार्टमेंटखालच्या पार्किंगमध्ये होती. पाणी सीटपर्यंत चढले आणि दोन दिवस उतरले नाही.

पाणी ओसरल्यावर वहिनीने केलेली पहिली गोष्ट म्हणजे काहीच न करणे. किल्ली लावली नाही. इमारतीतल्या बाकीच्यांनाही ती जिने चढून-उतरून सांगत फिरली, चावी फिरवू नका. कारण साधे आहे. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. खालच्या मजल्यावरच्या एका काकांना राहवले नाही. त्यांनी 'बघू तरी' म्हणून सेल्फ मारला. त्यांची गाडी आतून गेली, आणि विमा कंपनीने ते इंजिनाचे नुकसान मान्य केले नाही. पुराने भिजणे हे पूर्ण विम्यात बसते, नुसत्या थर्ड पार्टीत बसत नाही. पण पाण्यातली गाडी चालू करून झालेले इंजिनाचे नुकसान बहुतेक कंपन्या वेगळे धरतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा जादा हप्ता भरलेला असावा लागतो. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ ला वेदगंगा-पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, शिरोलीला वाहने दिवसचे दिवस अडकली होती. म्हणून निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातल्या वाचकांनी हप्ता भरताना ही ओळ जरूर पाहावी.

दुसरी गोष्ट, तिने दारावरच्या चिखलाच्या रेघेला शिवणाची टेप लावून फोटो काढले. आत सीट, डॅशबोर्ड, सगळीकडची रेघ, तारखेसह. टो करून गाडी गॅरेजला गेली तेव्हा तिथे आधीच रांग होती, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीला सारखीच यादी मिळत होती. पूर्ण वायरिंग, ईसीयू, एसीचे सगळे. वहिनीने फोटो काढून दाखवले, पाणी डॅशबोर्डच्या खाली थांबले आहे, ईसीयू त्याच्या वर आहे, तो ओला कसा? विम्याच्या सर्व्हेयरने स्वतः पाहिले. ईसीयू कोरडा होता, वायरिंगचा खालचाच भाग बदलावा लागला.

पण बाकीचे काम खरेच गरजेचे होते, आणि वहिनी तेही तितक्याच ठामपणे सांगते. सीटा आणि गालिचे बाहेर काढून वाळवणे, इंजिन आणि गिअरचे तेल बदलणे, एअर फिल्टर, स्टार्टर, अल्टरनेटर, चाकांचे बेअरिंग, ब्रेक. ऑइलची कांडी काढून पाहिली तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसत होते, म्हणजे पाणी गेलेलेच. तिथे "कशाला हवे" म्हणून चालले नसते. बदललेला प्रत्येक भाग तिने परत मागून घेतला, पोत्यात भरून घरी आणला आणि बिलाशी ताडून पाहिला. भाऊ म्हणतो, दिवाळीपर्यंत गॅलरीत भंगाराचे दुकान होते.

पुरानंतर अकोट्यात काय झाले आहे, तर 'पाणी' हा शब्द उच्चारला की कोणतेही काम विकले जाते. ज्यांनी ते दोन दिवस पाहिले त्यांना भीती बसलेली आहेच. जी गाडी पाण्यात उभीच नव्हती तिलाही कोटिंग, फ्लश, 'पूर चेकअप'. खऱ्या नुकसानीच्या रांगेत खोटे काम उभे राहिले की ओळखणे अवघड जाते. वहिनीचा राग आहे तो यावर. तिच्या घरात त्यावर एकच वाक्य चालते: "पहेलां बतावो, पछी बदलो." आधी दाखवा, मग बदला. आमच्याकडे तोरसरी म्हणतात, तेच. बतावो, तोरसरी, दाखवा, तिन्ही भाषांत हे विचारायला पैसे पडत नाहीत.

दांडिया बाजाराच्या बाजूला एका गल्लीत वहिनीच्या ओळखीचे मेस्त्री. तिकडे मिस्त्री म्हणतात. दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीला पाने आणि स्पॅनर टांगलेले, स्टुलावर चहाचे कप. मराठी अर्धी, गुजराती अर्धी, दोन्ही एकाच वाक्यात. त्यांनी काही न विचारता जॅक लावला आणि चाक काढले. पॅड दोन मिलिमीटरच्या खाली आलेला, नव्याची जाडी दहाच्या आसपास असते. म्हणजे मोठ्या वर्कशॉपचे पहिले म्हणणे बरोबर होते, पॅड बदलायलाच हवे होते.

मग डिस्क. त्यांनी कापडाने कड पुसली आणि मला वाकून बघायला सांगितले. बीडाच्या त्या तबकडीवर कमीत कमी जाडी किती चालते तो आकडा कोरलेला असतो. आमच्या डिस्कवर पंधरा मिलिमीटर होता. मिस्त्रींनी मापाचा काटा लावला, सोळा पूर्णांक चार. डिस्कवर खोल चरे नव्हते, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत नव्हते. "हजी घणी चालशे, ताई," ते म्हणाले. अजून पुष्कळ चालेल. आपल्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्यांना असा कोरलेला आकडा नवीन नाही, पण गाडीचे मालक म्हणून तो विचारायचा असतो हे किती जणांना ठाऊक आहे?

बाकीच्या यादीचे उत्तर माझ्या फोनमध्येच होते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतले देखभालीच्या तक्त्याचे पान आणि मागच्या तीन सर्व्हिसिंगची बिले मी फोटो काढून ठेवलेली आहेत. ब्रेक ऑइल आठ महिन्यांपूर्वी बेळगावात बदललेले, अलाइनमेंट निघण्यापूर्वीच्या आठवड्यात झालेले. इंजिन फ्लशचा आमच्या पुस्तिकेत उल्लेखच नाही. इंजेक्टर सफाई कधी करायची, तर गाडी धक्के खात असेल, पेट्रोल जास्त पीत असेल तेव्हा. आमची गाडी तसे काही करत नव्हती. आणि नायट्रोजन? आपण श्वास घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

अर्थात नकाराचाही अतिरेक होतो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी सगळे गॅरेजवाले लुटारू, असे ठरवून ब्रेकचा आवाज चार महिने ऐकून घेतला. पॅडचे लोखंड डिस्कवर घासत राहिले आणि शेवटी दोन्ही डिस्क खरोखर बदलाव्या लागल्या. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट यांत कंजुषी नको.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, चाळीस मिनिटे लागली. पॅडचे सोळाशे पन्नास, मजुरी चारशे. बिल मागितल्यावर त्यांनी पावतीपुस्तक काढले आणि पॅडच्या डब्यावरचा पार्ट नंबरही लिहून दिला. बिलाचा आग्रह धरणे काहींना संकोचाचे वाटते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि बिलावर नजरही टाकावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. जुन्या सवयीने कोणी २८ लावला असेल तर तिथल्या तिथे विचारावे.

त्याच कायद्यातली आणखी एक सोय आमच्यासारख्या परगावी फिरणाऱ्यांच्या कामाची आहे. जुन्या, १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणपणे समोरचा पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे करावी लागे. बडोद्यात फसलेल्या बेळगावच्या माणसाने तारखांना बडोद्याला जायचे, म्हणजे तक्रार न केलेलीच बरी. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते. म्हणजे केए २२ ची तक्रार बेळगावातच. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. शेतीची यंत्रे, मोबाईल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही त्यात आहेत. या सगळ्याला लागतो तो कागद. छापील अंदाजपत्रक, बिल आणि शक्य तर जुना भाग. तोंडी झालेल्या बोलण्याचे कोणी काही करू शकत नाही.

मिस्त्रींनी चाक बसवायच्या आधी झिजलेला पॅड अत्तेंच्या हातावर ठेवला आणि शेजारी नवा. दोघांना समान अशी एकही भाषा नव्हती. त्यांनी नवा दाखवून बोटांची फट मोठी केली, जुना दाखवून फट अगदी बारीक केली. अत्तेंनी दोन्ही उलटेसुलटे पाहिले, मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हां, इदु बेकु." हे हवे.

दुसऱ्या दिवशी मुंज छान झाली. भिक्षावळीत बटूला गुजराती मामींनी दिलेल्या भेटी जास्त की मराठी मावश्यांच्या, यावर बराच खल झाला. निघताना वहिनीने लीलो चेवडो बांधून दिला, आणि आम्ही नेलेला बेळगावी कुंदा आत्याने कुणाला दिसू नये म्हणून आधीच कपाटात ठेवला होता. चारही जुने पॅड मी गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकले. भरूचच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा अत्तेंनी ती पुडी चेवड्याची समजून उघडली.